पाठीला पाठ लावून

आमचे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे घरात अभ्यासाला बसायचं ते पूर्वेकडे तोंड करून. चुकून दक्षिणेकडे तोंड झालं की वडील ओरडलेच म्हणून समजा. मैत्रीण मुसलमानाची, आमच्या अमरावतीच्या गल्लीतलीच. तिच्या घरी नमाज पश्चिमेला. टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या, परीक्षेत दिशांचे प्रश्न येणार असं कळलं, आणि आम्ही दोघी गच्चीवर पाठीला पाठ लावून तयारीला लागलो. मी पूर्वेला, ती पश्चिमेला.

एक माणूस चार मैल उत्तरेला जातो, उजवीकडे वळतो, दोन मैल चालतो, पुन्हा उजवीकडे. आम्ही तस्संच चालायचो, वळायचो, गरगरायचो, आणि शेवटी आईनं वाळत घातलेल्या कुरड्यांवर जाऊन पडायचो. हसून हसून पोट दुखायचं. आई खालून ओरडायची, "त्या मेल्याले घरदार नाही का वं? काहून हिंडून राहिला?"

"काकू, त्याले नोकरी लागायची हाय!" मैत्रीण वरून.

हसत होते खरी, पण नुसतं हसून भागणार नव्हतं. वडिलांनी बजावलं होतं, या खेपेला जमलं नाही तर खामगावचं स्थळ पक्कं. मला नव्हतं जायचं खामगावला! मला नोकरी हवी होती, अगदी रडू येईल इतकी हवी होती.

परीक्षा पावसाळ्यात, अकोल्याला. बडनेऱ्याला गाडी बदलली आणि माझी पूर्व तिथंच फलाटावर राहिली. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. वर्गात दिशांचा प्रश्न समोर आला आणि डोकं साफ बंद! तोंड पूर्वेला असल्याशिवाय मला तो माणूस हलवताच येईना. शेवटी हात वर केला. "सर, पूर्व कोणीकडे आहे?"

देखरेखीवरचे सर खवळले. "प्रश्न सोडवायचा सोडून मले विचारून राहिली? उठवून देईन!"

मला घाम फुटला. वारा लागावा म्हणून खिडकीकडे वळले. थोड्या वेळानं बघते तर काय, पलीकडच्या रांगेत मैत्रीण तिरपी होऊन दाराकडे तोंड करून बसलेली, आणि पेन सपासप चाललेलं. हात्तिच्या! म्हणजे दार पश्चिम, खिडकी पूर्व. मी बसलेच होते पूर्वेला! माझाही माणूस तुरुतुरु चालायला लागला.

बाहेर आलो तर आभाळ मोकळं, आणि कलता सूर्य नेमका खिडक्यांच्या बाजूला.

"अगं, तू दाराकडे तोंड केलंस म्हणून मी..."

"या अल्ला! मी तं तुले पाहून फिरली! तू खिडकीकडे वळली, मले वाटलं तुले पूर्व सापडली."

पायरीवर बसून आम्ही वेड्यासारख्या हसलो. मग मला खामगाव आठवलं आणि हसू गेलं. परतीच्या गाडीत तळहातावर बोटानं त्या माणसाला पुन्हा पुन्हा चालवलं. दर वेळी तो बरोबर जागी पोचला. आम्ही अख्खं अकोला उलटं केलं होतं, पण अकोल्याबरोबर तो माणूसही उलटा फिरला होता.

दोघी पास झालो. खामगावकरांना वडिलांनी स्वतःच नकार कळवला. नोकरीच्या पहिल्या दिवशी आम्हाला टेलिफोनच्या बोर्डासमोर शेजारीशेजारी बसवलं. मी हळूच विचारलं, "आपलं तोंड कोणीकडे आहे वं?"

तिनं खिडकीतलं ऊन पाहिलं. "दक्षिणेले. घरी सांगू नको."