आमेन होईपर्यंत

फौजेत मी सतरा वर्षं जखमी जवानांना उचलायचं काम केलं. तिथे आधी स्ट्रेचर, मग देव. निवृत्त होऊन मिशनरी झालो, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर प्रार्थना घेऊ लागलो. शिस्तीची खोड जाईना. पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत आणि जागचं हलायचं नाही.

भाताच्या आवणीत एका सुनेला साप चावला. माझा शब्द मानून सासऱ्याने तिला भगताकडे न नेता माझ्या दारात आणलं. मिशनची जीप दारात सुरूच होती. नुसतं बसायचं आणि कळवणचा दवाखाना गाठायचा. पण लोक जमलेले पाहून मला मूर्खाला चेव आला. मी हात जोडले आणि प्रार्थना लांबतच गेली. सासरा, ड्रायव्हर, सगळे डोळे मिटून उभे. "फौजी, पुरं करा," असं एकानेही म्हटलं नाही. कसं म्हणतील?

कळवणच्या वाटेवरच ती गेली.

तिला पुरताना मी दोन वाक्यांत आमेन म्हटलं. कोणीच डोळे उघडेना. माझी प्रार्थना इतक्यात संपली, हे त्यांना खरंच वाटेना.