कागदोपत्री शूर

सेड्रिक पार्जिटर यांनी तीस वर्षं श्रॉपशरमधल्या दुकानदारांचे तराजू तपासले. एखाद्या भाजीवाल्याचा तराजू अर्ध्या औंसानं खोटा निघाला की त्यांचा दिवस चांगला जाई, दोन खोटे निघाले तर रविवारच्या मटणाबरोबर ते बायकोशी दोन शब्द गोड बोलत. निवृत्त झाल्यावर तराजू गेले. दुसऱ्याचं काहीतरी खोटं निघाल्याशिवाय ज्याला जेवण पचत नाही, अशा माणसानं जगावं कसं? पार्जिटरांनी जुनी रिव्हॉल्व्हरं गोळा करायला घेतली.

साधीसुधी नव्हेत, लष्करी अधिकाऱ्यांची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशानं घेई, वर नाव कोरून घेई, आणि बंदूकवाला ते नाव वहीत टिपून ठेवी. त्या वहीतला उतारा, पलटणीची यादी, विधवेनं कुणाला दिलं त्याचं पत्र, लिलावाचा कागद, असं हातातून हातात गेल्याचं सगळं लेखी असेल तरच पार्जिटर वस्तूला हात लावत. नुसत्या रिव्हॉल्व्हरला ते ‘बेवारशी’ म्हणत. त्यांच्याकडे अकरा होती, अकरांच्या अकरा फायली होत्या, आणि फायलींना रिव्हॉल्व्हरांपेक्षा चांगलं कपाट होतं. त्या मापाच्या गोळ्या आता कुठेच बनत नाहीत, त्यामुळे सरकार अशी रिव्हॉल्व्हरं शोभेची वस्तू म्हणून घरात ठेवू देतं. त्यांची बायको विनी म्हणे, “शोभेची खरी, पण शोभा कुणाची ते सरकारनं लिहिलेलं नाही.”

वेनफर्ड गावातलं जुन्या शस्त्रांचं मंडळ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमे. बावीस सभासद, सगळे साठीपुढचे, सगळ्यांचे गुडघे दुखरे. वर्षातून एकदा प्रदर्शन. प्रत्येकानं टेबलावर हिरवं कापड पसरून आपलं रिव्हॉल्व्हर आणि फाईल मांडायची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं करंडक द्यायचा. मात्र टेबल मिळण्याआधी कागद तपासून सही करायची कुणी, तर पार्जिटरांनी. हे पद त्यांच्यासाठीच निर्माण झालं होतं, आणि निर्माणही त्यांनीच केलं होतं.

विल्फ अ‍ॅस्कविथ या म्हाताऱ्या नळवाल्याचं टेबल त्यांनी दोन वर्षांपूर्वी अडवलं. विल्फचे पणजोबा शिपायाचे लेफ्टनंट झालेले, सुदानच्या लढाईत होते. रिव्हॉल्व्हरवर त्यांचं नाव होतं, वहीतला उतारा होता, पण १८८९ ते १८९७ या आठ वर्षांचा कागद नव्हता.

“तेव्हा ते आजीच्या घरात होतं,” विल्फ म्हणाला. “पिठाच्या डब्यामागे. आजीनं मला स्वतः सांगितलंय.”

“आजी हा पुरावा नाही,” पार्जिटर म्हणाले.

“माझी आजी तुला भेटली असती ना सेड्रिक, तर तू हे उभ्यानं म्हणाला नसतास.”

सही झाली नाही. तेव्हापासून प्रदर्शनाच्या दिवशी विल्फ चहाच्या मोठ्या किटलीमागे उभा राहून कप भरे.

पार्जिटरांचं लाडकं रिव्हॉल्व्हर होतं कॅप्टन लायनेल थर्कल यांचं. त्याच्या फाईलला एकशे बारा पानं. शेजारच्या पुठ्ठ्यावर पार्जिटरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘१८८० साली कंदाहारच्या वाटेवर कॅप्टन थर्कल यांनी याच रिव्हॉल्व्हरच्या बळावर खिंड मोकळी केली.’ खिंड मोकळी झाली याला पलटणीच्या नोंदीचा आधार होता. रिव्हॉल्व्हर त्यांचंच याला वहीचा आधार होता. दोन्ही गोष्टी ‘याच’ या एका शब्दानं जोडल्या होत्या, आणि त्या शब्दाला मात्र कशाचाच आधार नव्हता. नऊ वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तपासनीस तेच होते.

त्या वर्षी प्रदर्शनाच्या आधी पंधरा दिवस दारावरची घंटा वाजली. बाहेर काठी टेकत एक उंच बाई उभ्या. मिस ऑगस्टा थर्कल, वय एक्क्याऐंशी, कॅप्टनची पणती.

“पेपरात वाचलं तुमच्याबद्दल,” त्या आत येत म्हणाल्या. “पणजोबांनी खिंड जिंकली म्हणे रिव्हॉल्व्हरनं? मला हसू आवरेना हो. हे घ्या, त्यांनी आईला लिहिलेलं पत्र. माझ्यामागे कुणी नाही, तुम्हीच ठेवा.”

पार्जिटरांनी पत्र वाचलं. ‘प्रिय आई, रिव्हॉल्व्हर भलतंच जड आहे. पट्टा खाली ओढतं आणि मी बदकासारखा चालतो. म्हणून ते कराचीला ट्रंकेत ठेवून आलो, गळाच्या काठीशेजारी. काठी मात्र आणायला हवी होती. इथल्या नदीत उत्तम मासे आहेत.’ खाली तारीख, खिंडीच्या लढाईनंतर दोन दिवसांची.

“तुमचा चेहरा पांढरा पडलाय,” मिस थर्कल म्हणाल्या. “पाणी हवंय का?”

पार्जिटरांना पाणी नको होतं. ही बाई नको होती. हे पत्र लोकांपुढे आलं तर मंडळातले बाकीचे एकवीस म्हातारे दात विचकतील, आणि ज्याच्या स्वतःच्या पुठ्ठ्यावर थाप लिहिलेली, त्याची सही पुढे कोण मानणार? पद जाईल. पदाशिवाय पार्जिटर म्हणजे अकरा निकामी लोखंडी तुकड्यांचा मालक. हे सगळं डोक्यात घोंघावत असताना हाताला मात्र पंधरा वर्षांची सवय. हातानं कोरा कागद ओढला, बाईंना पेन दिलं, आणि तोंडानं मजकूर सांगितला. ‘मी, ऑगस्टा थर्कल, माझ्या पणजोबांचं पत्र, ज्यात सदर रिव्हॉल्व्हर कराचीला ठेवून गेल्याचा उल्लेख आहे, आज श्री. पार्जिटर यांच्या हवाली करत आहे.’ सही. तारीख. आणि तो कागद त्यांनी फाईलमध्ये लावला. पान एकशे तेरा. लावताना त्यांना तो दिसलासुद्धा नाही. दात घासताना आपण कुठे ब्रश बघतो?

पत्र त्यांनी कपाटात लोकरीच्या बनियनांखाली दडवलं. विनीनं दारातून पाहिलं.

“जाळून का टाकत नाहीस?”

“कागद जाळू? अस्सल कागद?” पार्जिटर हादरले. “विनी, तुला काही धर्म आहे की नाही?”

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये सॉसेज रोलचा आणि बंदुकीच्या तेलाचा मिळून वास सुटला होता. परीक्षक मिसेस प्रोबर्ट, वस्तुसंग्रहालयातून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीला बांधलेल्या बाई, टेबलामागून टेबल बघत पुढे सरकत होत्या. त्या यायच्या आधी विल्फ हात पुसून पार्जिटरांच्या टेबलाशी आला आणि फाईल शेवटून उघडून बसला. नळवाला गळती शेवटच्या सांध्यापासून शोधतो.

“सेड्रिक,” तो म्हणाला, “हे कराचीचं काय आहे रे?”

“कसलं कराची?”

“तूच लावलंयस की. एकशे तेरा. रिव्हॉल्व्हर ट्रंकेत, आणि खिंड इकडे. मग कॅप्टननं खिंड मोकळी केली कशानं? खोकून?”

तेवढ्यात मिसेस प्रोबर्ट तिथवर आल्या आणि त्यांनी फाईल हातात घेतली. आजूबाजूचे म्हातारे हळूहळू जवळ सरकले. इतक्या चपळाईनं ते सॉसेज रोलकडेही जात नाहीत.

“पत्र कुठे आहे, मिस्टर पार्जिटर?”

पार्जिटरांचे कान लाल झाले. “ते... कागद नाजूक... उजेड सोसत नाही...”

“माझ्या पर्समध्ये आहे,” विनी म्हणाली. “लोकरीला कसर लागली होती, म्हटलं पत्रालाही लागेल.” आणि तिनं ते काढून दिलं.

मिसेस प्रोबर्टनी पत्र मोठ्यानं वाचलं. बदकाच्या चालीपाशी हॉल फुटला. एकाची कवळी निसटली. पार्जिटर हिरव्या कापडाची कड चाचपत उभे होते. तीस वर्षं भाजीवाल्यांकडे त्यांनी जसं पाहिलं होतं, तसंच आज त्यांच्याकडे सगळे पाहत होते.

बाईंनी चष्मा उतरवला. “चाळीस वर्षं मी संग्राहक पाहतेय. आपल्याच नायकाला खाली आणणारा कागद आपल्याच हातानं फाईलला लावणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. असा प्रामाणिकपणा!” आणि त्यांनी करंडक पार्जिटरांना दिला.

पार्जिटरांनी विनीकडे पाहिलं, विनीनं छताकडे. मग त्यांनी घसा साफ केला. खरं सांगून टाकायला ही वेळ उत्तम होती. असल्या वेळा वाया घालवायचं कसब त्यांना उपजतच होतं.

“कागदापुढे,” ते म्हणाले, “मी स्वतःलाही सोडत नाही.”

टाळ्या पडल्या. विल्फनं वाजवल्या नाहीत, त्याच्या हातात किटली होती.

तीन गुरुवारांत पार्जिटरांचं मत पालटलं, आणि पालटलेलं मत आपलं पूर्वापार होतं असं त्यांना वाटू लागलं. नवा पुठ्ठा आला. ‘एकही गोळी न झाडलेलं, लेखी पुराव्यासह.’ लढाईत वापरलेल्या रिव्हॉल्व्हरांकडे ते आता, दुसऱ्याच्या उष्ट्या कपाकडे पाहावं तसे पाहत. “झाडलेलं आहे? अरेरे,” म्हणत. झाडल्याचा दावा असेल तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष हवी, असा नियम त्यांनी मंडळात मांडला, आणि बाकीच्यांना घरी जायची घाई असल्यामुळे तो मंजूर झाला.

पुढच्या वर्षी विल्फ पुन्हा अर्ज घेऊन आला. आठ वर्षांची फट त्यानं मिटवली होती. आजीच्या हातची पाकक्रियेची वही सापडली होती, आणि त्यात आठही वर्षं नाताळच्या केकच्या कृतीखाली ‘बाबांचं रिव्हॉल्व्हर पिठाच्या डब्यामागे आहे, मांजरानं पाडू नये’ असं तारखेसकट लिहिलेलं होतं.

पार्जिटरांनी वही दोनदा उलटीसुलटी केली. खोट सापडेना. मग त्यांचा चेहरा उजळला.

“तुझ्या पणजोबांनी सुदानला हे झाडलं होतं, असं लिहिलंयस.”

“झाडलं होतं.”

“कुणी पाहिलं?”

“ज्याला लागली त्यानं,” विल्फ म्हणाला.

पार्जिटरांनी पेनाचं टोपण काढलं, अर्जावर सुवाच्य अक्षरात ‘साक्षीदार हयात नाही’ असं लिहिलं, आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत केला.