राखून ठेवलेला हंडा

ती केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात नळाखाली बादली लावली की मला त्या घरातली सून आठवते आणि माझी मलाच लाज वाटते. नावं सांगणार नाही. ती माणसं हयात आहेत, आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. केलं असेल तर मीच त्यांचं.

चारा छावण्यांचं साल होतं. मी आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गुन्ह्यांपेक्षा टँकरचा बंदोबस्तच जास्त. सकाळी हजेरी झाली की निम्मे शिपाई टँकरवर, उरलेले छावणीवर. ठाण्यातल्या माठाला आमच्या जमादारांनी कडी-कुलूप लावून घेतलं होतं, यावरून काय ते समजा.

बुधवारी सकाळी एक म्हातारा ठाण्यात आला. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, आणि आवाज असा की तक्रार घेऊन मीच त्याच्याकडे गेलोय. गावच्या दूध सोसायटीचा हा जुना चेअरमन. दुष्काळात सोसायटी बंद पडली होती, चेअरमनपणा मात्र जोरात चालू होता.

"बायकू हारपलीय. लिहून घ्या."

दोन आठवडे तो जनावरं घेऊन छावणीतच मुक्कामाला होता. मंगळवारी धुतलेले कपडे न्यायला घरी आला, तर बायको नाही. घरी थोरली सून एकटीच. तिचा नवरा ट्रकवर, परराज्यात. सुनेला विचारलं तर म्हणाली, मला माहीत नाही. मी मिसिंग दाखल करून घेतली. वय साठीच्या पुढे, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण.

"घरात काही भांडणतंटा?"

"माझ्या घरात भांडायची कुणाची टाप न्हाई," म्हातारा म्हणाला. अशा घरांत काय चालतं ते मला चांगलं माहीत होतं, पण मी तेही तसंच लिहून घेतलं.

दुपारी खबर आली. गावातल्या हॉटेलवाल्याचा फोन. रविवारी टँकरवर सासू-सुनेची एका हंड्यावरून चांगलीच जुंपली होती, सगळ्या गावाने ऐकलं होतं. सोमवारी पहाटे म्हातारी निळा कॅन घेऊन विहिरीकडे जाताना एकाला दिसली. परत येताना कुणालाच दिसली नाही.

गावाबाहेर ती एकच विहीर जिवंत होती. तळाला पुरुषभर पाणी आणि त्याखाली गाळ. अर्धं गाव तिच्यावर जगत होतं. आम्ही काठावर पोहोचलो आणि जमादारांनी मला बोटाने दाखवलं. दगडावर कॅनचं लाल झाकण पडलं होतं. पंचांसमक्ष झाकण जप्त केलं, गळ टाकून पाहिलं, हाती काही लागलं नाही. घरात कॅन नव्हता. सुनेचा मोबाइलही नव्हता, "हरवला" म्हणाली. नंबर लावला तर बंद. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय धरून चालला असता?

गुरुवारी सकाळी सुनेला चौकशीला बोलावलं. सोबत आमची महिला शिपाई होती. पोरगी पंचविशीची, किडकिडीत, नजर खाली. दोन तास मी विचारत होतो. गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, एकदा टेबलावर हातही आपटला. तिचं आपलं एकच, "न्हाई माहीत." रडली नाही, पाणी मागितलं नाही. मला तिचा रागच येत चालला होता. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. दुपारी इंजिन लावतो आणि विहीर उपसतो. मग कळेल सगळं."

तेव्हा ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "साहेब, हिर उपसू नका. पाया पडते. गावानं काय प्यायचं?"

"आत काही नाही तर भितेस कशाला?"

तिने नजर पुन्हा खाली घातली. दारातल्या जमादारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मलाही वाटलं, सापडली. तेवीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव तिथे टेबलाशी बसला होता आणि सपशेल चुकत होता.

विहिरीवर इंजिन बसवेपर्यंत घराची झडती घ्यायची ठरली. म्हातारा दारात काठी टेकून उभा, बाहेर गाव जमलेलं. बायका सुनेकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. घरात दोन खोल्या, चूल, भिंतीवर सोसायटीच्या सत्काराचा फोटो. मोरीच्या कोपऱ्यात एक पितळी हंडा होता, वर ताट, ताटावर पाटा ठेवलेला. उन्हाचा तडाखा भयंकर होता. आमच्या शिपाईबाईंनी पाटा सरकवला आणि पेला बुडवायला गेल्या.

"हात लावू नका त्याला!"

दोन तास जिच्या तोंडातून शब्द काढताना माझा घसा सुकला होता, ती पोरगी धावत येऊन हंड्याच्या आडवी उभी राहिली.

"काय आहे त्यात?"

"पाणीच हाय. आत्याबाईंच्या आंघोळीचं."

"मेलेल्या बाईला आंघोळ कुठली घालतेस?" माझ्या तोंडातून गेलंच. आज लिहितानाही तो शब्द मला टोचतो.

"मरतील कशाला त्या?" ती उसळली. "उद्या-परवा येतील. अंगाला सगळं मीठ लागलं आसंल. ते धुवायला गोडं पाणी नको का? टँकर रोज येतोय व्हय?"

बोलली आणि हाताने तोंड दाबून धरलं.

माझी पहिली नेमणूक कोकणात होती. समुद्रावर दिवस काढून घरी आलं की अंगावर मिठाचा थर बसतो, कातडी ओढते, केस राठ होतात, हे मला ठाऊक होतं. आष्टीच्या माळावरच्या पोरीला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. कुणीतरी तिला सांगितल्याशिवाय.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. शिपाईबाई तेवढ्या थांबल्या. मी पाटावर खाली बसलो आणि म्हणालो, "पोरी, समुद्रावर कोण आहे?"

मग ती रडली. अशी रडली की बोलणं समजायला वेळ लागला.

म्हाताऱ्याला धाकटा मुलगा होता. म्हाताऱ्याने चार ठिकाणी टोपी उतरवून त्याला सहकारी साखर कारखान्यात चिकटवलं, आणि पोराने आठवड्यात नोकरी सोडून समुद्र गाठला. त्याला दुसरं काही नको होतं. म्हाताऱ्याचा शब्द खाली पडला. तेव्हापासून घरात त्याचं नाव बंद. बायकोला त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "त्याचं तोंड बगितलंस तर तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाई." आणि हा बोलला की बोलला.

पोरगा आता कोकणात एका यॉटवर कामाला होता. पांढरी, शिडाची, आत पलंग असलेली बोट. पैसेवाली मंडळी दिवसभरासाठी ती भाड्याने घेतात. पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्याआधीचा एक दिवस मालकाने पोराला दिला होता, घरच्यांना फिरवून आण म्हणून. तो दिवस म्हणजे नेमका हा गुरुवार. म्हातारा छावणीत आहे, पाच-सहा दिवस काही कळत नाही, असा सुनेचा हिशोब. मोबाइल तिनेच सासूजवळ दिला. पोरगा आईला घ्यायला नगरच्या स्टँडवर आला होता.

"मग टँकरवर भांडण कशाचं?"

"एक हंडा जास्तीचा भरू म्हणत होते मी. धाकटे दादा फोनवर म्हणालते, समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं आंघोळ लागती. आत्याबाई म्हणायच्या, माझ्यापायी लोकाचं पाणी नको."

"आणि कॅन?"

"हिरीचं पाणी नेलंय दादाला. त्यांना लई आवडायचं." ती डोळे पुसत म्हणाली. "साहेब, मामंजींना सांगू नका. खरंच पाणी सोडतील ते. लेकराचं नाव घेऊन बोलायला आत्याबाईला मीच एक होते. म्या शब्द दिलाय."

गाव तिला खुनी म्हणत होतं, मी तिला कोठडीच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि ही पोरगी सासूने एक दिवस लेकाजवळ काढावा म्हणून तोंड शिवून बसली होती. माझ्या डोळ्यात पाणी आलं. शिपाईबाईंनी बघितलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघायला लागल्या.

मी बाहेर येऊन इंजिन काढायला लावलं. कोकणातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तासाभराने त्याचा निरोप आला, "बोट पाण्यात आहे. एक म्हातारी पुढच्या टोकाला बसलीय म्हणे, उठायला तयार नाही. बोलावून घेऊ का?"

"अजिबात नको," मी ओरडलोच. "बसू दे तिला."

म्हाताऱ्याला एवढंच सांगितलं, तुमची बायको सुखरूप आहे, शनिवारी येईल, बाकी तिलाच विचारा. काठी धरून उभा असलेला तो माणूस ओट्यावर खाली बसला. टोपी काढून तिच्यानेच तोंड पुसत राहिला. बराच वेळ.

शनिवारी सकाळी म्हातारी एसटीतून उतरली ती थेट ठाण्यात आली. फाट्यावरच तिला सगळी हकिगत कळली होती. काखेत निळा कॅन, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली. झाकण आमच्या मुद्देमालात होतं. कायद्याप्रमाणे जबाब घेणं भाग होतं. मी म्हणालो, आजी, सांगा. आणि तिने काय सांगितलं म्हणता!

"बोटीत चढताना म्या पायतान काढून हातात घेतलं, तर समदी हसली. लई पांढरं हो, दुधाच्या टाकीवानी. आधी मला वकाऱ्या झाल्या. लेकानं माझं कपाळ धरलं, मी त्याचं धरायची ना लहानपणी, तसंच. मग बरं वाटलं. एका बाजूला डोंगर, डोंगरावर हिरवंगार, खाली पांढरी वाळू. पाण्यातच किल्ला. मासे उड्या मारत्यात, वासरं उधळल्यावानी! आन एक पोरगं नळी घेऊन बोट धुवाय लागलं. म्या त्याला असं झापलं, मेल्या, पाणी कावून सांडतो! त्यो म्हणतो, आजी, समुद्राचंच हाय. समुद्राचं आसलं म्हणून काय झालं?"

जमादारांनी लेखणी खाली ठेवली होती.

"जेवाय त्यांचं काय काय व्हतं. म्या भाकरी आन ठेचा नेलता, तर त्यो शिडावरचा माणूसबी माझ्याच म्होरं येऊन बसला. लेकानं आपल्या हिरीचं पाणी पेल्यात घेतलं आन किती येळ नुसतं धरून बसला. म्या म्हणलं, पी की. तर म्हणतो, संपंल ना आई."

तिने पदराने नाक पुसलं. "एक दिस झाला साहेब. पर पोटभर झाला."

मग मी म्हणालो, बाबा सुनेला घेऊन बाहेर बसलेत. त्यांना तुम्ही माहेरी गेला होतात असंही... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "माझ्या सुनंला खुनी म्हणली लोकं. आता म्या खोटं बोलू? बोलवा त्यास्नी."

म्हातारा आत आला. मागे सून, दाराला धरून. त्याने बायकोला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिनेच सांगितलं, "लेकाकडं गेलते. त्याच्या बोटीत बसले. आता करा काय करायचं ते."

तिने चिंधी सोडली आणि कॅन त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. "तुमाला दाखवाय आणलंय. ह्याच्यावर ऱ्हातो त्यो."

म्हाताऱ्याने कॅनकडे बघितलं. मग वाकून आत बोटं बुडवली आणि जिभेला लावली. तोंड वेडंवाकडं झालं. पुन्हा एकदा लावली, जणू खात्री करून घ्यायला. मग बायकोकडे बघून म्हणाला,

"आगं, मग प्यायला काय पितो त्यो?"

इतक्या वर्षांत बापाने मुलाबद्दल विचारलेली ती पहिली गोष्ट. सुनेने जमादारांकडे बघितलं. त्यांनी निमूट माठाचं कुलूप काढलं. तिने पेला भरून सासूच्या हातात दिला, सासूने तो नवऱ्यापुढे धरला. त्याने पेला घेतला आणि सगळा प्यायला.

मिसिंगचा कागद मी त्याच दिवशी बंद केला. "इसम स्वतःहून परत आला," एवढंच लिहिलं, कारण तेवढ्यालाच जागा असते.

त्यानंतरची सगळी नोकरी मी एक सवय पाळली. समोरचा माणूस गप्प बसला की "काय लपवतोयस" असं आधी विचारत नाही. "कुणासाठी गप्प आहेस?" असं विचारतो. चोर याला उत्तर देत नाहीत, पण बाकीचे बहुतेक जण रडतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्दी न घालता त्या घरी गेलो, सुनेची माफी मागायला. शब्द जुळवत दारात उभा होतो. म्हातारी ओट्यावर ओले केस मोकळे सोडून बसली होती. म्हातारा आत सुनेच्या मोबाइलवर मोठ्याने कुणाला तरी विचारत होता की नगरहून गाडी किती वाजता आहे. सून तांब्या घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, नको, तुम्हालाच पुरत नाही.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "हंड्यातलं उरलंय."