टेबलाखालचंही दाखवा

शेअर बाजारात पापणी लवायच्या आत सौदे करणारं सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी होती. ऑफिस मुंबईला, काम घरून, पगार माझ्या तेव्हाच्या पगाराच्या तिप्पट. मी तेहेतीस वर्षांची होते. आठ वर्षं नाशिकच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळत होते आणि पंचवटीत वडिलांसोबत दोन खोल्यांत राहत होते. त्या मुलाखतीसाठी तीन महिने पहाटे उठून अभ्यास केला. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

एकूण पाच फेऱ्या होत्या. पहिलीत एका मुलीने फोनवर कॉलेज विचारलं. मी सांगितलं.

"हे नाशिकमधलंच का?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसं.

दुसऱ्या फेरीत एका गृहस्थांनी कोडं घातलं. आठ गोळे, त्यातला एक जड, तराजू दोनदाच वापरायचा. शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या अंकातलं कोडं. ते मी पाठ केलंय हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी ते मला आत्ताच सुचतंय असं नाटक आम्ही दोघांनी वीस मिनिटं केलं. त्यांनी मला पास केलं.

तिसऱ्या फेरीला सत्तावीस-अठ्ठावीसचा एक तरुण होता. चष्मा, मागे भिंतीला टांगलेली गिटार. नमस्कार वगैरे काही नाही.

"लॅपटॉप फिरवून खोली दाखवा."

मी पलंग दाखवला, कपाट दाखवलं, भिंतीवरची बुद्धांची तसबीर दाखवली. तेवढ्यात पप्पा चहा घेऊन आत आले.

"हे कोण?"

"माझे वडील."

"ते तुम्हाला काही सांगणार नाहीत ना? आजकाल कॅंडिडेट कोणालाही शेजारी बसवतात."

माझे वडील निवृत्त शाळामास्तर. उभी हयात त्यांनी दहावीच्या परीक्षांना पोरांच्या बाह्यांमधून चिठ्ठ्या काढल्या. हातात कप घेऊन ते तसेच उभे राहिले.

"पप्पा, थोडा वेळ बाहेर बसा ना," मी म्हणाले.

ते कप ठेवून गॅलरीत गेले.

"टेबलाखालचंही दाखवा."

मी वाकून टेबलाखालचंही दाखवलं. कांद्याची टोपली होती आणि पप्पांच्या चपला. त्या पोराचा राग नंतर ओसरला. मी ते दाखवलं, याचा ओसरलेला नाही.

मग प्रश्न आला. "एकाच भावाला खरेदीच्या दोन ऑर्डर आल्या, तर आधी कोणाची पुरी करायची?"

"जी आधी आली तिची."

"आधी आली हे कसं कळणार?"

"ऑर्डर आत येतानाच प्रत्येकीला क्रमांक द्यायचा. लहान क्रमांक तो आधी."

"नाही. प्रत्येकीची वेळ लिहायची."

"नुसत्या वेळेवर भागणार नाही. दोन मशीनची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. मागून आलेली ऑर्डर पुढे जाऊन बसेल."

त्याची नजर डावीकडून उजवीकडे सरकत होती, मग परत डावीकडे. चष्म्याच्या काचेत एक पांढरं पान वर वर जाताना दिसत होतं.

"इथे वेळच दिलीय," तो म्हणाला.

"इथे म्हणजे कुठे?"

"पुढच्या प्रश्नाकडे वळू या," तो म्हणाला, आणि पुढचाही प्रश्न वाचूनच विचारला.

मुलाखत संपल्यावर पप्पा आत आले. चहावर साय धरली होती. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याच्याकडे गाईड होतं," ते म्हणाले. "आणि गाईडातलं उत्तर चुकीचं."

मला हसू आलं. त्यांना बाहेर बसवलं, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

दोन दिवसांनी मेल आला. मूलभूत संकल्पना कच्च्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं. चौथी फेरी झालीच नाही.

पाच महिन्यांनी पहिल्या फेरीतल्या त्याच मुलीचा फोन आला. आवाजात साखर.

"मॅम, तुमची प्रोफाइल आमच्या एका जागेसाठी अगदी परफेक्ट आहे."

जागा तीच होती.

"मागच्या वेळी माझ्या संकल्पना कच्च्या होत्या. आता पिकल्या असं कशावरून वाटलं?"

"मागच्या वेळी?" की-बोर्डचा आवाज आला. "मॅम, माझ्याकडे तसं काही दिसत नाहीये. आणि आता प्रोसेस सोपी केलीय, चारच फेऱ्या आहेत."

माझ्या तीन महिन्यांच्या पहाटांची त्यांच्याकडे एक ओळसुद्धा नव्हती. मला यायचं नाही, असं सांगून मी फोन ठेवला. पतसंस्थेतच राहिले. अजून तिथेच आहे.

पप्पा शेजारी मेथी निवडत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पगार चांगला होता," ते म्हणाले. "माझ्यापायी नको म्हणाली असशील तर उगाच."

"तुमच्यापायी नाही," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.