पट्ट्यावर चढलेली माणसं

ईसीजीचे जुने कागद फेकून देता येतात. किस्से मात्र साचत जातात. जालन्यात एका हार्टच्या डॉक्टरांकडे मी पंचवीस वर्षं पेशंटच्या छातीला वायरी लावतोय. शाळा चौथीपर्यंत. पण एवढं कळलं: आजार वेळेत सापडावा म्हणून साहेबांची धडपड, आणि सापडूच नये म्हणून पेशंटची!

*

एकाचा ईसीजी चांगला आला, तर तो चिडलाच. "साहेब, छाती दुखती ती बांधावर चुलत्याशी भांडताना. इथं निवांत पडून काय दुखणार? चुलत्याला बोलावतो, मंग लावा मशीन!"

*

आष्टीच्या आजींची इको चालू होती. पडद्यावर स्वतःचं हृदय हलताना बघून त्यांनी विचारलं, "हे थांबत न्हाई का कधी?"

"नाही आजी."

आजी सुनेकडं वळल्या. "बघ! आतून सारखं काम करून राह्यले, अन् तू म्हणती बसून खाते!"

*

ट्रेडमिल म्हणजे पळता पट्टा. दम लागला की लपलेला आजार वर येतो. टेंभुर्णीकडचे एक म्हातारे मेंढपाळ त्यावर चढले. स्पीड वाढवला, चढ वाढवला. बाबा आरामात!

"बाबा, दम लागला का?"

"दम न्हाई. पर पुढं मेंढरं न्हाईत, मंग मी कोणामागं चालून राह्यलो?"

*

एका माजी सरपंचांचा ईसीजी चांगला, इको चांगली, ट्रेडमिल खराब. साहेब म्हणाले, "अँजिओग्राफी करू."

"दोन विरुद्ध एक. ठराव नामंजूर!"

साहेब शांतपणे म्हणाले, "सरपंच, ते दोघं तुम्ही झोपलेले असताना बोलले. तिसऱ्यानं तुम्हाला चालवून बघितलं."

*

वाटूरच्या रंगनाथरावांच्या छातीत दुखायचं, म्हणून गावच्या डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलसाठी आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या नावाचा पुकारा झाला, एक गडी आत आला, मी वायरी लावल्या. पाचच मिनिटांत साहेबांनी पट्टा थांबवला. "रंगनाथराव, खाली बसा. आलेख बिघडलाय. नस तुंबलेली दिसते."

तेवढ्यात दारातून एक म्हातारा लंगडत आत आला. "साहेब, रंगनाथ मी. माझे गुडघे चालत न्हाईत, म्हणून ह्या धाकट्या भावाला चढवलं. बाबू हाय हा. याला काहीच न्हाई!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आजोबा, छाती तुमची दुखते, तुमचंही बघू. पण हा आलेख बाबूचा आहे."

बाबूचा चेहरा उतरला. रंगनाथरावांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला.

"वर नाव माझं लिवलंय ना? मंग माझ्याच नावावर राहू द्या. थोरला मी हाय."