काठ काढलेली फडकी

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत मंगळूइतक्या मायेने गाडी धुणारा दुसरा कोणी नव्हता. सुरगाण्याहून द्राक्षबागेच्या कामाला आलेला हा माणूस, गाड्या धुता धुता इथलाच झाला. कोरड्या फडक्याने तो धूळ कधी पुसायचा नाही. आधी भरपूर पाणी ओतून माती भिजू द्यायचा, मग टपापासून खाली येत जुन्या लुगड्याचं मऊ फडकं अलगद फिरवायचा.

बायको, भागीबाई, मात्र कायम डोंगरात. भात, नागली आणि आजारी सासू यांतच तिची उमर गेली. दोन हजार सालच्या सुमारास सासू वारली, तेव्हा मंगळूने तिला एकदाची नाशकात आणली. जिन्याखालच्या खोलीत दोघांचा खरा संसार तेव्हा कुठे सुरू झाला. आता हिला परत पाठवायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या हिवाळ्यात तो तापाने फणफणला. सोसायटीतल्या प्रतिभाताईंची नवी कोरी, मरून रंगाची गाडी पाखरांनी घाण करून ठेवलेली. नवऱ्याचं काम बुडू नये म्हणून भागीबाई सकाळीच खाली गेली आणि पितळेचा हंडा घासावा तशी तिने ती गाडी घासली. बंबातली राख, नारळाची शेंडी, अगदी मन लावून. ऊन आलं तसे टपावर गोल गोल ओरखडे चमकायला लागले. भागीबाई शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती.

प्रतिभाताई हळहळल्या, पण चुकून झालं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मिटवला नाही तो मंगळूने. मी फडक्यातला लुगड्याचा खरखरीत काठसुद्धा रंगाला लागू देत नाही, असं काय काय तो चारचौघांत ओरडला आणि शेवटी म्हणाला, "तुला काय समजतं? जा तू आपली डोंगरात."

काही गरज होती का? तापात होता, मान्य. पण तिला ताप नव्हता. तिने शब्दन् शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी ती जीपने गावी निघून गेली.

होळीला आणू, मग भाताची आवणी झाली की आणू, असं मंगळू मनाशी घोकत राहिला. कोणत्या तोंडाने जायचं, हेच त्याला कळेना. आवणीतच भागीबाईला साप चावला. निरोप मिळून तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

शेजारच्या अक्काबाईने त्याच्या हातात एक गाठोडं दिलं. आत भागीबाईच्या जुन्या, मऊ पडलेल्या लुगड्यांची फडकी होती. एकूण एक फडक्याचा काठ कापून काढलेला.

"तू न्यायला आलास का देणार व्हती," अक्काबाई म्हणाली. "रोज जीपच्या टायमाला वाटंवर जाऊन बसायची."

नाशकात परतल्यावर पहिल्याच सकाळी त्याने त्यातलं एक फडकं बादलीवर धरलं. त्याला चुलीच्या धुराचा, तिच्या अंगाचा वास होता. पाण्यात गेलं की तो जाणार. मंगळूने फडकं घडी करून परत खोलीत नेऊन ठेवलं. मग अंगातला सदरा काढला, त्याची बटणं तोडली आणि त्यानेच गाडी पुसायला घेतली.