कोऱ्या पानावरची सही

"वाचत बसू नगंस. खालती सही कर, बास," गावचे पुढारी आबा खुर्चीतून म्हणाले.

मी गावची सरपंच. त्यांच्या वाड्याच्या सोप्यात खाली सतरंजीवर बसलेली. पुढ्यात ग्रामपंचायतीच्या सभांची वही, पान कोरं. मजकूर नंतर ग्रामसेवक भरणार, आबा सांगतील तसा. सोप्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. वर बस असं कुणी म्हणालं नाही. मी सही केली. एम. ए. झालेल्या बाईनं कोऱ्या पानावर सही केली. एकदा नाही, दीड वर्ष.

आमच्या वस्तीतली दहावी झालेली मी पहिली मुलगी. कोल्हापुरात वसतिगृहात जागा मिळाली ती आबांच्या चिठ्ठीनं. म्हणून दर निकालाला बा मला याच सोप्यात घेऊन यायचा. पाहुणे बसलेले असायचे.

"वाच पोरी, मोठ्यानं वाच. कळू दे की पावण्यास्नी, आमी कुणाला शिकवलं ते."

मी गुण वाचायचे. गणितात कमी पडले की सगळे हसायचे. बासुद्धा हसायचा, मान खाली घालून. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पुढं सरपंचपद राखीव झालं आणि आबांनी माझंच नाव काढलं. मला वाटलं, शिक्षणाचं चीज झालं. त्यांना फक्त सही करणारी बाई हवी होती.

मागच्या आठवड्यात वस्तीतल्या बायका दारात आल्या. वस्तीला येणारी नळाची लाईन आबांच्या मळ्याकडं वळवली होती. शेजारच्या हौसाकाकीनं ठरावाची नक्कल माझ्यापुढं धरली. तिला अक्षर येत नाही.

"सही तुझीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग तू शिकलीस त्यात आमाला काय मिळालं?"

मी दार लावून घेतलं. बा आबांच्याच रानात कामाला. घर आबांच्याच जागेत. कुठं जाणार होते मी?

आज पुन्हा तोच सोपा, खुर्च्यांवर पाहुणे, मला तीच सतरंजी, पुढं नवं कोरं पान. मी पेन घेतलं आणि पानावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. ग्रामसेवक खाकरला. मी मागची पानं उलटली, उभी राहिले आणि नळाचा ठराव पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागले.

"गप बस. कुणामुळं शिकलीस, इसरलीस व्हय?"

"न्हाय इसरले, आबा. हितंच तर मोठ्यानं वाचायला शिकले की."

वही काखेत मारली आणि पंचायतीत आणून ठेवली.

आता अविश्वास ठराव येईल. सदस्य त्यांचेच, खुर्ची जाईल. बाचं काम उद्याच सुटेल. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तो ठराव रद्द होईपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत मी तो वाचणार, सरपंच असले तरी आणि नसले तरी. खाली सही कुणाची आहे, तेही वाचणार.